मेडल त्यांचं, खांदा तुमचा

«मी ३९ वर्षांची आहे. पोहायला शिकले तेहतिसाव्या वर्षी, तेही पाण्याची भीती घालवायची म्हणून. आता आठवड्यातून चार दिवस जाते आणि फ्रीस्टाइलने न थांबता दीड किलोमीटर होतं. सहा महिन्यांनी ओपन वॉटरमध्ये ३ किलोमीटरची स्पर्धा आहे, तिथे नाव द्यायचं डोक्यात आहे. आतापर्यंत व्हिडिओ बघून शिकत आले. पण वेग वाढत नाही आणि डावा खांदा अधूनमधून दुखतो, म्हणून कोच लावायचं ठरवलं. दोन ठिकाणी ट्रायल दिली. एक सर राष्ट्रीय पदकविजेते. बॅचमध्ये बावीस जण, शिस्त कडक. पहिल्याच दिवशी तळहातांना पॅडल (प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या) लावून दोन किलोमीटर काढून घेतले. दमले, पण भारी वाटलं. दुसऱ्या मॅडम फारशा कुणाला माहीत नाहीत. त्यांनी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले आणि आठ लेंथ (पूलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक) पोहायला लावल्या. घरचे म्हणतात, सरांकडेच जा, गप्पा मारायला कोच कशाला हवा? शिवाय मी काही ऑलिंपिकला जाणार नाही. माझ्यासारख्या हौशी बाईने एवढ्या मोठ्या माणसाचा वेळ घ्यावा का, असंही वाटतं. सरांना जवळजवळ हो म्हटलंय. काय करू?»
— चौथ्या लेनमधली

नमस्कार ताई,

आधी खांद्याचं बोलू. तुमच्या पत्रात तो अर्ध्या वाक्यात येतो आणि निघून जातो. मी मात्र तिथेच अडखळले. दुखरा खांदा घेऊन तुम्ही एका अनोळखी माणसासमोर उभ्या राहिलात आणि त्यांनी हातात पॅडल देऊन दोन किलोमीटर काढायला सांगितले. दुखतंय हे तुम्ही सांगितलं होतं का? बहुधा नसेल. पहिल्या दिवशी, एवढ्या नावाजलेल्या माणसासमोर कोण सांगतं! पण त्यांनी तरी विचारलं का? माझ्या मते ट्रायलचा अर्धा निकाल तिथेच लागला.

पॅडल लावलं की तळव्याचा आकार वाढतो, जास्त पाणी पकडलं जातं, अंग सपकन पुढे जातं. तुम्हाला भारी वाटलं ते त्यामुळे. तेवढंच जास्तीचं ओझं खांद्यावरही येतं. ज्याचा हात पाण्यात नीट शिरतो त्याला पॅडल ताकद मिळवून देतं. ज्याचा हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे पडतो, किंवा आधी अंगठा खाली करून शिरतो, त्याची तीच चूक पॅडल घोटून घेतं. दोन किलोमीटरमध्ये तुमच्यासारख्या पोहणाऱ्याचा एकेक हात आठशे-हजार वेळा फिरतो. एवढ्या वेळा घोटलेली गोष्ट खांदा विसरत नाही.

मी हे पुस्तकी सांगत नाहीये. तिशीच्या आत मी अशाच एका बॅचला होते. सर चांगले होते, आरडाओरडा करायचे पण मनाने चांगले. आठवड्यातून तीन दिवस पॅडलचे सेट, म्हणजे कोचने ठरवून दिलेल्या फेऱ्या, सगळ्यांना सारखे. माझा उजवा खांदा पहिल्या महिन्यात कुरकुरला. तिसऱ्या महिन्यात रात्री त्या कुशीवर झोपता येईना. सरांना सांगितलं तर म्हणाले, "सवय नाही म्हणून, होईल." आठ महिने पाण्याबाहेर काढले. टी-शर्ट घालताना आधी उजवा हात बाहीत घालायची सवय तेव्हा लागली, ती आजही गेलेली नाही. त्या माणसाने मुद्दाम काही केलं नाही, त्याच्या वहीत माझ्यासाठी वेगळी ओळ नव्हती, एवढंच.

तेव्हा कोच कुठलाही ठरवा, त्याआधी खांदा एकदा खेळाडूंना बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टला किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. रात्री दुखत असेल, हात वर नेताना जोर जात असेल, तर या आठवड्यातच. कोचने निदान करायचं नसतं. मॅडमनीही नाही.

आता त्या वीस मिनिटांच्या 'गप्पां'कडे येते. एक काम करा, त्यांनी काय काय विचारलं ते आठवून कागदावर उतरवा. खांदा हात शिरताना दुखतो, ओढताना दुखतो की बाहेर काढताना? श्वास नेहमी एकाच बाजूला घेता का? दिवसभर बसून काम असतं का? झोप किती होते? चार दिवस म्हणता, त्यातले खरोखर किती होतात? स्पर्धेला वेळेची मर्यादा आहे का? यातले निम्मे प्रश्न जरी त्या कागदावर आले, तरी त्या गप्पा नव्हत्या. डॉक्टर नाडी न बघता औषध देऊ लागला तर आपण उठून येतो. कोचने न विचारता सेट दिला की मात्र आपल्याला तो कडक वाटतो. आणि कागदावर 'अजून कुणाकडे ट्रायल दिलीत', 'ते किती फी घेतात' असलंच काही उतरलं, तर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आठ लेंथचंही तसंच. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट घन आहे. म्हणून धावण्यात दमाने जे निभावून जातं ते पोहण्यात निभावत नाही. अंग जरा तिरकं झालं की सगळी मेहनत पाणी खातं. श्वास घेताना डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, मग ते वर ठेवायला किक मारत राहावं लागतं आणि दम लागतो. आपल्याला वाटतं, स्टॅमिना कमी आहे. पाण्यात हवा सोडायची ती कोंडून धरली आणि तोंड बाहेर काढल्यावर सोडायला गेलं, तरी तेच. हे जाणत्या डोळ्याला पहिल्या चार लेंथमध्ये दिसतं, दोन किलोमीटरच्या शेवटी दिसत नाही, कारण दमल्यावर प्रत्येकाचाच स्ट्रोक, म्हणजे हात मारायची पद्धत, मोडतो. तेव्हा दिसतो तो थकवा. दीड किलोमीटर न थांबता जाणाऱ्या माणसाचा वेग अडला असेल, तर अडचण बहुतेक वेळा दमात नसते.

ऑलिंपिक विजेता जलतरणपटू मार्क स्पिट्झ याचे कोच जेम्स काउन्सिलमन पाण्याखाली कॅमेरा नेऊन पोहणाऱ्यांचे हात चित्रित करायचे, कारण काठावरून दिसतं ते अर्धंच असतं हे त्यांना पटलं होतं. (हेच गृहस्थ १९७९ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले. तुम्ही ३९ ला स्वतःला उशिरा आलेली समजता म्हणून सांगितलं.) मॅडमनी मोबाइलवर तुमचा व्हिडिओ काढला का? नसेल तर पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा. काय उत्तर मिळतं ते बघा.

पदकाबद्दल दोन शब्द. पदक असणं हा काही दोष नाही. मॅरेथॉनपटू एलिउद किपचोगेचे कोच पॅट्रिक सांग स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं (अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यतीचं) रौप्य घेऊन आलेले. पण रमाकांत आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना होता, आणि त्यांच्या हाताखालून कोण कोण बाहेर पडलं ते मी सांगायला नको. केनियातल्या इटेनला १९७६ साली शाळेत शिकवायला आलेले ब्रदर कोल्म ओ'कॉनेल यांना धावण्याच्या प्रशिक्षणाचा गंधही नव्हता. ते मुलांना बघत बघत शिकले. त्यांच्याच डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत मारून विश्वविक्रम केला. पदक सांगतं की या माणसाला पोहता येतं. शिकवता येतं का, हे त्याच्या बॅचमधल्या मधल्या माणसाला बघून कळतं. उलट ज्याला लहानपणापासून पाणी आपोआप पकडता आलं, त्याला 'पाणी पकडता येत नाही' म्हणजे नेमकं काय होतं हे कधीकधी समजतच नाही. तो म्हणतो, "असं कर ना!" आणि स्वतः करून दाखवतो. आपण बघत राहतो.

म्हणून सरांना नाही म्हणायच्या आधी त्यांच्या बॅचला एकदा काठावर जाऊन बसा. पाण्यात उतरू नका, पूर्ण एक तास नुसतं बघा. मॅडमकडेही तसंच. पहिल्या लेनकडे बघू नका. तिथली पोरं कुणाच्याही हाताखाली वेगानेच जातील. सगळ्यात शेवटच्या लेनकडे बघा, जिथे पन्नाशीचे एखादे काका किंवा महिनाभरापूर्वी आलेली मुलगी असेल. तासाभरात कोच त्या लेनपाशी किती वेळा आले? आले तेव्हा काय म्हणाले? "हात लांब, हात लांब" हे वाक्य सगळ्यांना सारखंच फेकलं, की एकाला थांबवून एकच गोष्ट सांगितली आणि पुढची लेंथ संपेपर्यंत तिथेच उभं राहून बघितलं? बावीस जणांत साठ मिनिटं वाटली तर तुमच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत, हा हिशेब आहेच. पण ती अडीच मिनिटं जरी खरोखर तुमच्यासाठी असली तरी पुष्कळ. बऱ्याचदा ती पहिल्या लेनला जातात.

सांगण्याची पद्धतही ऐका. हालचाल कशी शिकली जाते यावर गॅब्रिएले वुल्फ या संशोधिकेने आणि इतरांनी बरंच काम केलं आहे. त्यातून साधारण असं दिसतं की आपलं लक्ष स्वतःच्या सांध्याकडे वळवण्यापेक्षा हालचालीचा परिणाम काय होतो तिकडे वळवलं, तर माणूस लवकर आणि पक्कं शिकतो. म्हणजे "कोपर एवढ्या अंशात वाकव" यापेक्षा "पाणी पायांकडे ढकल" हे जास्त लागू पडतं. आणि एका वेळी एकच. डोकं, कोपर, किक आणि श्वास एका दमात सुधारायला सांगणारा कोच विद्वान असेल, पण तुमच्या हाती काही लागणार नाही.

दोघांनाही एक प्रश्न विचारा: "खांदा दुखायला लागला तर माझा सेट कसा बदलाल?" "थोडं सहन करायचं" हे उत्तर आलं तर आभार मानून निघा. "मग किकबोर्ड घेऊन किक मारा" हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ती तरंगणारी फळी, म्हणजे बोर्ड, धरून हात पुढे ताणला की दुखरा खांदा पुन्हा त्याच कोनात अडकतो. ज्याला हे माहीत असतं तो बोर्ड काढून घेतो आणि हात अंगाशी ठेवून, पाठीवर किंवा कुशीवर किक मारायला सांगतो. एवढ्याशा उत्तरात माणसाने किती खांदे बघितलेत ते कळतं.

एका बाबतीत मात्र मी हटवादी आहे. 'एका श्वासात किती लेंथ' अशी चढाओढ जिथे लावतात, किंवा भराभर श्वास घेऊन मग पाण्याखाली जायला सांगतात, तिथून त्याच दिवशी बाहेर पडा. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेऊन तो आधीच बाहेर टाकला की ही घंटा वाजतच नाही. इकडे ऑक्सिजन संपत जातो आणि माणूस काहीही न जाणवता पाण्यात बेशुद्ध पडतो. चांगले, तगडे पोहणारे असे गेले आहेत. कोच कितीही मोठा असो, यात 'आमच्याकडे असंच असतं' चालत नाही. बॅच चालू असताना काठावर वेगळा जीवरक्षक आहे का, कोचला सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवायचा प्रथमोपचार) येतं का आणि ते शेवटचं कधी शिकले, हेही बिनदिक्कत विचारा. राग आला तर येऊ दे.

पोहण्यात कोचला हात धरून दाखवावं लागतं, हे खरं. चांगला कोच आधी विचारतो, "खांद्याला हात लावून दाखवू का?" आणि नको म्हटलं तर काठावर स्वतः करून दाखवतो. अवेळी मेसेज, अंगावरून शेरे, वजनावरून सगळ्यांसमोर टोमणे, यातलं काहीही 'शिस्त' या नावाखाली खपवून घ्यायचं नाही.

तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलंय त्यावर जरा रागावते. ऑलिंपिकला जाणारी मुलगी दुपारी झोपते, तिचा फिजिओ ठरलेला असतो, एक दिवस बिघडला तर दुसरा हाताशी असतो. तुमच्याकडे नोकरी, घर आणि त्यातून ओढून काढलेले चार तास. चुकीच्या सेटने एक आठवडा गेला तर तुमचा पंचवीस टक्के महिना गेला. चूक पचवायची ऐपत तुमचीच कमी आहे. म्हणून बघून-विचारून शिकवणाऱ्या माणसाची गरज तिच्याइतकीच तुम्हाला आहे, कदाचित जास्तच. आणि वेळ तुम्ही फुकट घेत नाही आहात.

आता माझं मत. तुमच्या पत्रात दिसलं त्यावरून मी मॅडमकडे जाईन, पण एका अटीवर: त्यांना ओपन वॉटरचं कितपत कळतं ते आधी बघेन. २५ मीटरच्या पूलमध्ये ३ किलोमीटर म्हणजे १२० लेंथ, म्हणजे ११९ वेळा भिंतीला पाय लावून फुकटची ढकल मिळते. बाहेर भिंत नाही, तळाची काळी रेघ नाही, लेनची दोरी नाही. दर काही हातांनी डोळे वर काढून दिशा बघायची, शेजारच्याचा पाय लागला तरी लय सोडायची नाही, पाणी गार असेल तर पहिल्या मिनिटाला श्वास आवरायचा, हे वेगळं शिकावं लागतं. "पूलमध्ये ३ किलोमीटर झाले की झालं" असं मॅडम म्हणाल्या, तर खांद्यासाठी आणि स्ट्रोकसाठी त्या ठीक, स्पर्धेच्या तयारीसाठी नाहीत. आणि त्या म्हणाल्या, "मी स्वतः फार केलेलं नाही, शेवटचे दोन महिने तुम्हाला अमक्यांकडे पाठवते," तर मी डोळे मिटून त्यांच्याकडे जाईन. 'हे मला येत नाही' असं म्हणणारा कोच फार कमी मिळतो.

सरांना रद्दीत काढू नका. स्ट्रोक बसला, खांदा शांत झाला, की पुढच्या वर्षी वेगासाठी त्यांच्यासारखी कडक बॅच उपयोगी पडेल. ऑनलाइन कोचचं तुम्ही विचारलं नाहीत, ते बरंच केलंत. तुमच्या आजच्या टप्प्यावर समोर उभा असलेला माणूस हवा.

फी एकदम वर्षाची भरू नका. दोन महिन्यांची बोली करा आणि पहिल्याच आठवड्यात एक मोजणी करून घ्या: आधी ४०० मीटर, नीट विश्रांती घेऊन मग २०० मीटर, दोन्ही जमेल तेवढ्या जोरात. समजा ४०० ला १० मिनिटं लागली आणि २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद. फरक ५ मिनिटं २० सेकंदांचा, तोही २०० मीटरचा. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद, हा तुम्हाला बराच वेळ टिकवता येण्यासारखा वेग. त्या हिशेबाने ३ किलोमीटर साधारण ८० मिनिटांत. उघड्या पाण्यात थोडे जास्तच धरा. स्पर्धेची वेळमर्यादा या आकड्याशेजारी लिहून ठेवा. कोचने हा आकडा मागितला नाही, तर सेटचे वेग तो कशावरून ठरवणार, हे मला तरी कळत नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात घड्याळ बघून निर्णय घेऊ नका. स्ट्रोक बदलताना आधी वेग कमीच होतो. हात अनोळखी वाटतो, जुनं मोडलेलं असतं आणि नवं बसलेलं नसतं. तोवर एका लेंथला किती हात लागतात ते मोजा. चोविसाचे एकवीस झाले आणि खांदा गप्प असला, तर घड्याळ मागून येईल. आठ आठवड्यांनी पुन्हा तीच ४०० आणि २०० ची मोजणी करा, मग बोलू.

राहता राहिलं सरांना दिलेलं 'जवळजवळ हो'. ते तुम्हाला खांद्यापेक्षा जास्त दुखतंय, असं दिसतं. फोन नको, समोरासमोर नको, तुम्ही विरघळाल. मेसेज करा: "सर, नमस्कार. ट्रायलसाठी वेळ दिलात, आभारी आहे. त्या दिवशी सांगायचं राहिलं, माझा डावा खांदा दुखतोय. तो बरा होईपर्यंत मी कमी अंतराचं, स्ट्रोकवरचं काम करणार आहे, त्यामुळे सध्या बॅचला येत नाही. पुढे कधी वेगाचं काम करायचं ठरलं, तर तुम्हाला विचारेन." यात एकही शब्द खोटा नाही. उलट उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा. "खांद्याला काय झालंय, कधीपासून?" असं सरांनी विचारलं, तर मी वर लिहिलेल्यातलं थोडं मागे घेईन.